अठ्ठावन्न काय?

"ज्या संख्येला एकक नाही, तिला या विश्वात थारा नाही!"

प्राध्यापक देवराव मनवर यांनी हे वाक्य एकतीस वर्षं, दरवर्षी पहिल्या तासाला, डस्टर टेबलावर आपटून उच्चारलं. विश्व म्हणजे त्या वेळी दिग्रसकडच्या एका कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. कॉलेजचं नाव सांगून उपयोग नाही, कारण पाटीवरसुद्धा ते आता धड वाचता येत नाही. या विश्वात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि दुपारच्या बॅचचं निम्मं विश्व झोपलेलं असायचं. तरी वाक्य असं दणदणीत होतं की झोपलेलेही दचकून वहीत उतरवून घ्यायचे.

हे वाक्य चूक आहे, हे देवरावांना निवृत्तीनंतर नवव्या वर्षी, एका मंगळवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी कळलं. वेळ त्यांनी नोंदवून ठेवली. मिनिटांसकट.

तोवर त्यांचा दरारा मोठा होता. बाजारात जाताना ते खिशात खडू ठेवत. जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या वजनापुढे 'KG' लिहिलेलं दिसलं की पुसून 'kg' करत. वॉचमन पहिल्यांदा काठी घेऊन धावला होता, नंतर स्टूल आणून द्यायला लागला. वांगी विकणाऱ्या जमनाबाईंना त्यांनी एकदा समजावलं होतं, "बाई, के मोठा काढला की तो केल्विन होते. म्हणजे तापमान."

"मंग बराबरच हाय ना, मास्तर," जमनाबाई म्हणाल्या. "सकाळपासून उनात हायेत वांगे. गरमच हायेत."

तेव्हापासून जमनाबाईंची पाटी देवरावच लिहून देत. जमनाबाईंचा खडूही वाचे.

या काटेकोरपणाचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. वडील बाजार समितीत मापारी. कापसाचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा राहणारा माणूस. "आपल्या मापात खोट नसली ना देवा, तं कोणी आपल्याले वाकडं बोलू शकत नाई," असं ते सांगत. देवरावांनी त्यातलं माप घेतलं. वाकडं न बोलण्याचं काम त्यांना वाटलं लोकांचं आहे.

तर यंदा कॉलेजला पन्नास वर्षं झाली. प्राचार्य धम्मरत्न इंगोले हा देवरावांचाच जुना विद्यार्थी. तो घरी आला, "जयभीम सर" म्हणून बसला आणि म्हणाला, "तुमची पुस्तिका आपण छापू. सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात प्रकाशन. पाहुण्याही तुमच्याच विद्यार्थिनी आहेत, सर. डॉक्टर अंजू आडे. हैदराबादला मोठ्या प्रयोगशाळेत असतात. भाजीपाल्यात कीटकनाशक किती उरलं ते शोधतात. मास स्पेक्ट्रोमीटरचा अख्खा विभाग त्यांच्या हाताखाली."

देवरावांनी चष्मा पुसला. नाव त्यांना आठवलं होतं. पण ते "अस्सं, अस्सं" एवढंच म्हणाले आणि पुस्तिकेचं बाड काढून दिलं. 'मोजमापाची शिस्त', पानं चोवीस, प्रती तीनशे.

आता मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे काय, तर एखाद्या पदार्थाचे रेणू फोडायचे, तुकड्यांवर विजेचा भार चढवायचा आणि कोणता तुकडा किती जड ते वेगवेगळं करून पाहायचं. यंत्र मग कागदावर उभ्या रेघा काढून देतं. त्यांच्याखाली एक आडवा अक्ष असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं m/z. वस्तुमान भागिले भार. देवरावांनी हे एकतीस वर्षं शिकवलं. यंत्र एकदाही पाहिलं नाही. पण स्वर्गाबद्दल सांगणारे तरी कुठे जाऊन आलेले असतात? त्यांच्याकडे त्यांच्या गुरूंच्या वह्या होत्या. त्या वह्यांमध्ये आडव्या अक्षाला एकक दिलं होतं, amu, म्हणजे अणुवस्तुमानाचं एकक. शिवाय प्रयोगशाळेच्या भिंतीवर शाम पेंटरकडून त्यांनी सहा फुटांचा तक्ता रंगवून घेतला होता. शाम ट्रक रंगवायचा, म्हणून तक्त्याच्या चारही कोपऱ्यांत गुलाब होते. आडव्या अक्षाच्या शेवटी ऑइलपेंटमध्ये ठसठशीत 'amu'.

आणि एकदा एका चाचणी परीक्षेत एका मुलीनं ते लिहिलं नव्हतं.

त्याला वीस वर्षं झाली. अंजू तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून रोज सात किलोमीटर सायकलीनं यायची, पहिल्या बाकावर बसायची. पेपरात तिनं ॲसिटोनच्या रेघा बिनचूक काढल्या, त्रेचाळीस आणि अठ्ठावन्न. पण अक्षावर नुसतं m/z लिहून सोडून दिलं. देवरावांनी तिला वर्गासमोर उभं केलं.

"अठ्ठावन्न काय?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अठ्ठावन्न काय, म्हणतो मी! अठ्ठावन्न बकऱ्या?"

वर्ग फुटला. देवरावांना आठवत होतं की ते स्वतःही हसले होते. विनोद जमला की त्यांना मनापासून हसू यायचं. पेपर मग आठ दिवस सूचनाफलकावर टाचला गेला, लाल शाईत 'एकक कुठे आहे?' असा शेरा मारून. पोरांनी तिचं नाव ठेवलं बिनएककी. पहिल्या बाकावरून ती शेवटच्या बाकावर गेली, आणि वर्ष संपल्यावर दाखला काढून अमरावतीला.

हा किस्सा पुस्तिकेत होता. पान सतरा. 'एका विद्यार्थिनीची गंमत' असं शीर्षक देऊन. बकऱ्यांसकट.

कार्यक्रम शनिवारी होता. मंगळवारी देवराव कॉलेजच्या ग्रंथालयात गेले ते त्यातल्या भाषणासाठी. अंजूवर छाप पडावी म्हणून रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं एखादं वजनदार वाक्य त्यांना हवं होतं. ग्रंथपालानं संगणकावर परिभाषेची शिफारस उघडून दिली. देवराव बोट ठेवून वाचत गेले आणि m/z पाशी बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं की ही राशी एककविरहित आहे. तुकड्याचं वस्तुमान अणुवस्तुमानाच्या एककानं भागून घ्यायचं, मग भारसंख्येनं भागायचं. उरते ती नुसती संख्या. तिला एकक लावायचं नाही. आणि खाली, जखमेवर तिखट म्हणून, amu हे चिन्ह आता वापरू नये असंही होतं. म्हणजे त्यांनी पंगतीत बळेच बसवलेल्या पाहुण्याला पंगतीचं आमंत्रण तर नव्हतंच, वर तो गावातून हद्दपारही झालेला होता.

तीन वाजून चाळीस मिनिटं.

घरी रुखमाबाई सुपात तूरडाळ निवडत होत्या. देवराव टोपी न काढता खुर्चीत बसले.

"काय झालं? कोण गेलं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. एकक गेलं."

त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी हताशपणे म्हणाले, "पण संख्येला काहीच एकक नाही, असं कसं होईल? काहीतरी तं असलंच पाह्यजे ना."

रुखमाबाईंनी डाळीतला खडा उचलून बाहेर टाकला. "त्या दिवशी दवाखान्यात आपलं दोघायचं वजन केलं. मी तुमच्या दीडपट निघाली. डॉक्टर हासला. हो का नाई?"

"हो."

"मंग दीडपट काय? दीडपट किलो?"

देवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एकतीस वर्षांत कोणत्याही गुरूच्या वहीत हे इतकं स्वच्छ लिहिलेलं नव्हतं.

"नुसतं दीडपट," ते म्हणाले.

"तेच तं. त्या पोरीले काय म्हणलं होतं तुमी?"

"काही नाही. एकक विचारलं होतं."

पुस्तिका छापून घरात येऊन पडल्या होत्या. बुधवारी देवरावांनी पांढऱ्या कागदाच्या तीनशे पट्ट्या कापल्या, पान सतरावरचा किस्सा झाकायला. गोंदाच्या बाटल्या कुठवर पुरणार, म्हणून रुखमाबाईंनी कणकेची खळ शिजवली. दोघं अंगणात सतरंजी टाकून बसले. साठेक प्रती झाल्यावर रुखमाबाईंचा हात थांबला. त्या पान सतरा वाचत होत्या.

"ह्या बकऱ्या कुठून आल्या?"

"उदाहरण आहे ते."

"पोरगी तांड्यावरची ना?"

देवराव पट्टी नीट काटकोनात बसते की नाही ते पाहत राहिले. सहावीत असताना गुरुजींनी त्यांना विचारलं होतं, 'मापाऱ्याच्या पोरा, तुला कोण्या तराजूत तोलू रे?' तेव्हा कोण कोण हसलं होतं, त्यांची नावं देवरावांना आजही बाकांच्या क्रमानं येत होती. एका बाकावर तीन, दुसऱ्यावर दोन. मोजणी पक्की होती. अंजूला किती नावं येत असतील, असा विचार मनात आला आणि त्यांनी पट्टी वाकडी चिकटवली.

रुखमाबाईंनी मग उरलेल्या सगळ्या पट्ट्यांना दुप्पट खळ लावली.

शनिवारी सकाळी मांडवात धम्मरत्न धावपळीत भेटला. देवरावांनी गठ्ठे टेबलावर ठेवले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाहुण्यांनी पुस्तिका पाहिली नसेल ना अजून?"

"असं कसं, सर! प्रेसमधून आलेली पहिली प्रत त्यांनाच पाठवली. महिना झाला."

"काही म्हणाल्या?"

"हो ना. फोन आला होता. म्हणे, पान सतरा दोनदा वाचलं."

देवरावांना वाटलं, घरी जाऊन निजावं. पण तेवढ्यात गाडी आली आणि पोरांनी लेझीम सुरू केलं.

अंजू आडे चाळिशीची, साध्या सुती साडीतली बाई होती. तिनं देवरावांना वाकून नमस्कार केला. देवराव "असू दे, असू द्या" असं काहीतरी म्हणाले. तू म्हणावं की तुम्ही, याचं एकक त्यांना ठरवता येईना.

प्रकाशनाच्या वेळी फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, पुस्तक उघडून धरा!" अंजूनं पुस्तिका उघडली. ती पंधराव्या पानापर्यंत उघडली आणि थांबली. दुप्पट खळीनं सोळा आणि सतरा ही दोन पानं अशी एकजीव केली होती की पुढची पुस्तिका वीट झाली होती. अंजूनं नखानं प्रयत्न केला. धम्मरत्ननं दुसरी प्रत दिली. तीही वीट. तिसरी जरा उघडली, पण कर्रर्र असा आवाज माइकमधून अख्ख्या मांडवाला ऐकू गेला. पुढच्या रांगेत बसलेल्या रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. अंजूनं बोट फिरवून खळ ओळखली, देवरावांकडे एकदा पाहिलं आणि पुस्तिका मिटूनच फोटोला धरली.

भाषणात ती बोलली ती आपल्या कामाबद्दल. एका किलो मिरचीत एक मायक्रोग्रॅम विष शोधायचं, तर चिन्हाची एक चूक म्हणजे हजारपट फरक कसा, हे तिनं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मोजताना घाबरायचं कसं, ते मी या कॉलेजात शिकले. ते कामाला आलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. देवरावांनीही वाजवल्या. हे कौतुक होतं की काय होतं, ते त्यांना कळलं नाही. 

जेवणाआधी अंजू म्हणाली, "सर, आपली लॅब दाखवता?" धम्मरत्न पंगतीचं पाहायला पळाला आणि दोघंच प्रयोगशाळेत आले. नळ तेच होते. भिंतीवर, ओल लागू नये म्हणून पार वर टांगल्यासारखा रंगवलेला, गुलाबांचा तक्ताही तोच.

"आहे का हा अजून!" अंजू मान वर करून म्हणाली.

देवरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तीन दिवस खपून त्यांनी तो लिहिला होता. वर 'शुद्धिपत्र' असं शीर्षक होतं. ते वाचू लागले, "मी, देवराव मनवर, निवृत्त प्राध्यापक, याद्वारे मान्य करतो की m/z ही राशी एककविरहित असून सदर विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर होते, आणि तिचे कापलेले दोन गुण..."

"सर," अंजू मध्येच म्हणाली, "खरं सांगू? मले तवा कुठं माहीत होतं बरोबर का चूक. मी विसरलीच होती."

"काय?"

"एकक टाकायचं विसरली होती. बरोबर निघालं, ते आपोआप. एम.एस्सी.ले गेल्यावर समजलं, तं खूप हासली मी. एकटीच."

देवरावांच्या हातातला कागद खाली आला. त्या कागदावर एवढंच होतं. पुढचं त्यांनी लिहिलंच नव्हतं. चुकलेल्या एककाची माफी मागायला त्यांना तीन दिवस लागले होते, कारण तेवढी माफी त्यांना मागता येत होती.

"ते एककाचं मी कव्हाच सोडलं, सर," अंजू म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "आमच्या घरी बकऱ्या होत्या. अकरा. सकाळी कॉलेजात याच्या आधी मीच सोडत होती त्यायले. त्या दिवशी अंगाले वास येत असल म्हणून म्हणाले का सर, असं वाटलं मले. मंग रोज दोनदा आंघोळ करून येत होती. शेवटच्या बाकावर बसली ते त्याच्याचसाठी. कोणाले वास नाही आला पाह्यजे."

प्रयोगशाळेत नळ ठिबकत होता. पाण्याचा दिवस असावा.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा बकऱ्या. एककासकट सांगून राह्यली."

 पहिल्या तासाला डस्टर आपटून वाक्य टाकणारा तो माणूस या वेळी देवरावांच्या मदतीला आला नाही. चेहरा कुठे न्यावा हे कळेना, म्हणून त्यांनी वर तक्त्याकडे पाहिलं.

"हे... हे काढून टाकतो मी," ते म्हणाले. "आत्ता. पोरं अजून पाहतात हे."

"काढा," अंजू म्हणाली. नको म्हणाली नाही.

कोपऱ्यात तीन पायांवर बरं आणि चौथ्यावर नावापुरतं उभं असलेलं स्टूल होतं. देवरावांनी ड्रॉवरमधला पूड उचलायचा चपटा स्पॅच्युला घेतला आणि सदुसष्ट वर्षांचे गुडघे एकेक करून वर चढवले. स्टूल डुगडुगलं. अंजूनं पदर खोचला, पर्स टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी स्टूल आवळून धरलं.

ऑइलपेंट चांगला होता. शाम पेंटरनं ट्रकला लावायचा तोच लावला होता, पावसापाण्याला न जुमानणारा. आधी u गेला. मग m निम्मा निघाला. रंगाचे पापुद्रे खाली अंजूच्या केसांवर, साडीवर पडत होते आणि तिला ते झटकता येत नव्हते, कारण हात अडकलेले होते.

भिंतीकडे तोंड होतं, म्हणून असेल, देवरावांना शब्द सापडले.

"अंजू," ते खरवडता खरवडता म्हणाले, "एककाचं चुकलं ते चुकलं. वह्यांचा दोष म्हणेन मी. पण बकऱ्या माझ्या होत्या. कोण्या वहीत नव्हत्या त्या. तू तांड्यावरची, म्हणून मला सुचल्या. दुसरी कोणी असती तर सुचल्या नसत्या. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. हसता हसताच माहीत होतं. आणि तरी मी ते पुस्तकात छापलं, गंमत म्हणून. काल रुखमाबाईनं मला विचारलं, मोठ्या माणसाले माफी मागाले कोणतं वय लागते..."

"सर..."

"नाही, बोलू दे मला. आज थांबलो तर पुन्हा नाही बोलणार मी. मी सहावीत होतो तेव्हा आमच्या गुरुजींनी..."

"सर!"

देवराव थांबले. स्पॅच्युला हवेतच राहिला. भिंतीवर a तेवढा एकटा उरला होता. त्यांनी डोळे मिटले आणि जे काही यायचं होतं ते ऐकायला मान खाली घातली.

"अगोदर खाली उतरता का जरा?" अंजू खालून म्हणाली. "माहा हात भरून आला."